द्राक्षबागेच्या शेततळ्यात मत्स्यबीज सोडताना: ऑगस्टचा सल्ला

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस मासेमारीबंदी असते. पावसाळ्यात बऱ्याच जातींची वीण होते, मादीला अंडी टाकू दिली तरच पुढे मासा मिळतो. नाशिककडच्या दारणा, कादवा, गोदावरी या नद्यांच्या ओढ्यांनाही विणीची हीच गोष्ट लागू आहे. पहिल्या पुरात प्रवाहाविरुद्ध वर चढणारे (चढणीचे) मासे टोपलीने धरून शेततळ्यात आणून सोडायची पद्धत बंद करा. पोटात अंडी असलेली मादी ओढ्यातून जाते, आणि तिच्यासोबत मरळ किंवा शिवडा हा मासेखाऊ मासा तळ्यात आला तर विकत आणलेली बोटुकली (बोटाएवढी पिले) तो फस्त करतो.

बीज खात्रीच्या केंद्रातूनच घ्या. जिरे (नुकती जन्मलेली बारीक पिले) स्वस्त पडते, पण तळ्यात त्याची मर फार होते. ३ ते ४ इंचांची बोटुकली घ्या. ३० बाय ३० मीटरच्या तळ्याला ४५० नग पुरेत: कटला १५०, रोहू २००, मृगळ १००. मृगळ तळाच्या गाळातले खातो आणि प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात गाळ नसतो, म्हणून तो कमी. हजार-दीड हजार सोडले तर मासा वाढत नाही, नुसता दाटतो. थाई मांगूर कोणी कितीही स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नका. तो पाळायला देशात बंदी आहे, आणि सांडव्यातून नदीत गेला तर तिथल्या देशी माशांचा घास घेतो. सांडव्याच्या पाइपला बारीक जाळी बांधा आणि पावसात ती रोज साफ करा. कचऱ्याने तुंबली तर पाणी बांधावरून जाते.

पिशव्या सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर आणा. बंद पिशवी १५-२० मिनिटे तळ्यावर तरंगत ठेवा. मग तोंड उघडून तळ्याचे पाणी थोडे थोडे आत घाला आणि पिशवी आडवी करा. बोटुकली आपणहून बाहेर पडू द्या, ओतू नका.

खाद्य म्हणून भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड समप्रमाणात भिजवून, माशांच्या एकूण वजनाच्या २ ते ३ टक्के रोज, घमेल्यात किंवा ट्रेमध्ये टांगून द्या. मासे १०० ग्रॅमचे झाले की ४५० माशांना दिवसाला सव्वा किलोच्या आसपास. दोन तासांनी ट्रे वर काढा. खाद्य उरले असेल तर दुसऱ्या दिवशी कमी करा, कारण उरलेले तळाशी कुजते. चार-पाच दिवस सलग ढगाळ राहिले तर खाद्य निम्मे करा. पहाटे मासे तोंड वर काढून हवा घेताना दिसले तर त्या दिवशी खाद्य बंद ठेवा आणि मोटर लावून तळ्याचेच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखे तळ्यात पाडा. निफाडच्या थंडीत मासा कमी खातो, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत मात्रा उतरवा.

खरा धोका द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर, फवारणी सुरू झाली की येतो. सायपरमेथ्रिन, लॅम्बडासारखी कीटकनाशके माशांना अगदी थोड्या मात्रेतही मारक असतात, मोरचूदही घातक. नेहमीची चूक अशी: ब्लोअरच्या (फवारणी यंत्राच्या) टाकीत औषध आधी टाकले, मग तळ्यातला पाइप टाकीच्या तळापर्यंत सोडून पाणी भरले. पंप बंद झाला की टाकीतले औषधी पाणी त्याच पाइपाने उलटे तळ्यात उतरते. म्हणून पाइपाचे टोक टाकीच्या तोंडापेक्षा वीतभर वर धरा आणि औषध पाणी भरल्यावरच, तळ्यापासून दूर नेऊन मिसळा. टाकी, नोझल तळ्याकाठी धुऊ नका. वारा तळ्याकडे वाहत असेल तर त्या बाजूच्या ओळी फवारायच्या थांबवा.

बंदीच्या दिवसांत भाव मिळेल म्हणून मासे जूनपर्यंत धरून ठेवायचा मोह आम्हाला बरोबर वाटत नाही. एप्रिल-मेमध्ये बागेला पाणी ओढले जाते, उरलेले पाणी तापते आणि सगळे मासे एका रात्रीत मरून वर येतात. पाणी दीड मीटरच्या खाली जायच्या आत अर्धा किलोच्या पुढचे काढून विका. ओढजाळ्याला लोखंडी वजने लावू नका, प्लास्टिक फाटते. ओल्या उतारावर पाय टिकत नाही, म्हणून काठावर खुंटी ठोकून गाठी मारलेला दोर पाण्यापर्यंत सोडा आणि एकट्याने उतरू नका.