गोव्याला डिसेंबरात: गाडी की विमान?

पुण्याहून गोवा रस्त्याने साधारण साडेचारशे किलोमीटर. नाताळच्या सुट्टीत नुसतं तिकीट आणि पेट्रोल यांची तुलना केली तर हिशोब हमखास चुकतो. असा करा:

१. गाडी: जाऊन-येऊन ९०० आणि तिथलं फिरणं २००, म्हणजे ११०० किलोमीटर. लिटरला १५ चा अ‍ॅव्हरेज धरला तर ७३-७४ लिटर पेट्रोल. वर टोल आणि वाटेतलं खाणं.

२. विमान: दोन वर्षांवरच्या प्रत्येकाचं तिकीट, जादा सामान, दोन्हीकडच्या टॅक्स्या आणि गोव्यात रोजचं गाडीभाडं. पारडं बहुधा हे भाडंच फिरवतं, आणि तेच लोक धरत नाहीत.

३. वेळ दारापासून दारापर्यंत मोजा. उड्डाण तासाभराचं, पण सगळं धरून पाच-सहा तास जातात, गाडीने दहा-एक.

आता जास्तीचा खर्च भागिले वाचलेले तास. एका तासाची ही किंमत घरच्यांना परवडते का, एवढंच ठरवायचं. सोबत आजी-आजोबा असतील तर मी पैशाकडे न बघता विमानच घेईन.

गोव्यात दोन विमानतळ आहेत, तेव्हा तिकीट काढताना उत्तरेकडचं मोपा की दाबोळी ते नीट बघा. मुक्काम दक्षिणेकडच्या पाळोळ्याला आणि उतरलात मोप्याला, तर अख्खा गोवा ओलांडावा लागतो.