लॅव्हेंडरचा रूम स्प्रे घरी करताना तेल पाण्यावर का तरंगतं आणि त्यावर उपाय काय

घरी केलेल्या लॅव्हेंडर स्प्रेबद्दल एक तक्रार हमखास असते: सुरुवातीला वासच येत नाही आणि बाटली संपत आली की पडद्यावर तेलकट डाग पडतात. तेल पाण्यावर तरंगतं आणि स्प्रेची नळी तळातून ओढते, त्यामुळे आधी जवळपास नुसतं पाणी उडतं आणि शेवटी तेल. बाटली हलवली तरी थोड्याच वेळात दोन्ही पुन्हा वेगळे होतात. तेल विरघळवायचा सोपा घरगुती उपाय म्हणजे अल्कोहोल. काही जण चिमूटभर मीठ टाकतात, त्याने तेल उलट जास्तच बाहेर पडतं. ग्लिसरीननेही ते विरघळत नाही, फक्त चिकटपणा येतो.

100 मिलीच्या बाटलीसाठी 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल 60 मिली, लॅव्हेंडर तेल 2 मिली आणि डिस्टिल्ड वॉटर 38 मिली घ्या. हे अल्कोहोल मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. मेडिकलमध्ये 70 टक्क्यांचंच मिळालं तर ते 85 मिली आणि पाणी फक्त 13 मिली. रंगकामाचं किंवा पॉलिशचं स्पिरिट मात्र अजिबात नको. त्यात मिथेनॉल असू शकतं आणि ते श्वासावाटे शरीरात गेलेलं चांगलं नाही.

तेल थेंबांनी मोजू नका, प्रत्येक ड्रॉपरचा थेंब वेगळा असतो. मेडिकलमधली 2 मिलीची सिरिंज घ्या, सुई लागत नाही. तेलाच्या बाटलीवर ‘इसेन्शियल ऑइल’ (वनस्पतीतून काढलेलं सुगंधी तेल) आणि ‘लॅव्हेंडुला अँगुस्टिफोलिया’ हे खऱ्या लॅव्हेंडरचं शास्त्रीय नाव लिहिलेलं हवं. लॅव्हेंडिन हा संकर स्वस्त पडतो, पण त्याच्या वासात कापराची झाक असते. शंका आली तर साध्या कागदावर एक थेंब टाकून दिवसभर ठेवा. दुसऱ्या दिवशीही तेलकट गोल राहिला, तर त्यात जड तेल मिसळलेलं असण्याची शक्यता मोठी.

नळाचं पाणी वापरू नका. सोलापुरात काही दिवसांआड येणारं आणि टाकीत साठवलेलं पाणी, किंवा बोअरचं जड पाणी, दोन्हीतले क्षार स्प्रेच्या बारीक छिद्रात बसतात आणि काचेवर पांढरे ठिपके राहतात. बॅटरीच्या दुकानातलं सीलबंद डिस्टिल्ड वॉटर चालतं. मागताना ‘पाणी’ असं स्पष्ट सांगा, तिथे अ‍ॅसिडही मिळतं.

आता क्रम. कोरड्या, गडद काचेच्या बाटलीत आधी अल्कोहोल, मग तेल. झाकण लावून अर्धा मिनिट हलवा, उजेडात धरून पाहा: एकही थेंब तरंगता दिसायला नको. मग पाणी थोडं थोडं, दर वेळी हलवत. शेवटी दुधाळ झालं तर पाणी जास्त पडलंय. 5 मिली अल्कोहोल घालून पुन्हा हलवा. एक दिवस तसंच ठेवलं की अल्कोहोलचा उग्रपणा थोडा मवाळ होतो.

बाटली कुठे ठेवता हे सोलापुरात फार महत्त्वाचं आहे. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 अंशांवर जातो, तेव्हा पत्र्याखालचा माळा आणि गाडीची डिकी दोन्ही टाळा. खालच्या कप्प्यातलं अंधारं कपाट बरं. उष्णता आणि हवेने लॅव्हेंडर तेल बिघडतं, वास टर्पेंटाइनकडे झुकतो, आणि असं तेल त्वचेला जास्त त्रास देतं. म्हणून एका वेळी 100 मिलीच करा.

हे मिश्रण पेट घेतं. गॅस, समई, उदबत्ती, मच्छर कॉइल यांच्याजवळ फवारू नका. घरात तान्हं बाळ, दम्याचा रुग्ण किंवा मांजर असेल तर त्या खोलीत वापरूच नये. पॉलिश केलेल्या लाकडावरही नको, पॉलिश उतरतं.

कूलरच्या टाकीत तेल टाकायची युक्ती पुष्कळ जण करतात. ती सोडा. तेल पाण्यावर तरंगत राहतं, पंप खालून पाणी ओढतो, आणि तेलाचा थर टाकीच्या कडांना चिकटून बसतो. त्याऐवजी कूलर बंद असताना पडद्यावर दोनदा फवारा आणि वाळल्यावर कूलर लावा.

सोलापुरी चादरीवर मारायचं असेल तर आधी आतल्या कोपऱ्यावर एक फवारा मारून त्यावर पांढरा कापूस दाबा. कापसाला रंग लागला तर ती चादर राहू द्या. नाहीतर हातभर अंतरावरून हलका फवारा द्या आणि पूर्ण वाळल्यावरच तिच्यावर झोपा.