नेट लाइफ सायन्स: केंद्रकातली ये-जा शिकताना रॅन नीट समजून घ्या

दिग्रस-पुसदकडे गावात राहून नेटची तयारी करणाऱ्यांसाठी लिहिते आहे. एनएलएस (प्रथिनावरची ‘केंद्रकात न्या’ ही खूण) आणि एनईएस (‘बाहेर न्या’ ही खूण) तुम्हाला ठाऊक असेलच. साधारण ४० किलोडाल्टनपर्यंतचं प्रथिन केंद्रकाच्या छिद्रातून आपसूक सरकतं, त्याहून मोठ्याला वाहक लागतो, हेही बी.एस्सी.ला झालंय.

गाडी अडते रॅनपाशी, म्हणजे जीटीपी किंवा जीडीपी हे छोटे रेणू धरणाऱ्या आणि ही ये-जा चालवणाऱ्या एका लहान प्रथिनापाशी. क्लासच्या झेरॉक्स नोट्समध्ये ‘आत इम्पोर्टिन, बाहेर एक्स्पोर्टिन’ एवढंच, म्हणजे आत आणि बाहेर नेणाऱ्या वाहकांची नुसती नावं असतात. त्या नोट्सनी माझा जीव मेटाकुटीला आणला होता, म्हणून ठासून सांगते: ‘ट्रिक’ लिहिलेलं पान फाडून टाका. पार्ट सीला, म्हणजे पेपरातल्या विचार करायला लावणाऱ्या भागाला, त्याचा काडीचा उपयोग नाही.

आधी रॅन-जीटीपी (जीटीपी धरलेलं रॅन) कुठे तयार होतं ते पाहा. रॅनवरचा जीडीपी काढून जीटीपी बसवायला मदत करणारं आरसीसी१ हे प्रथिन क्रोमॅटिनला (डीएनए आणि प्रथिनांच्या धाग्याला) चिकटलेलं असतं, म्हणजे केंद्रकातच. त्या जीटीपीचं विघटन घडवणारं रॅनगॅप हे प्रथिन पेशीद्रवात. त्यामुळे रॅन-जीटीपी आत भरपूर, बाहेर जवळपास नाहीच. इम्पोर्टिन माल घेऊन आत आलं की रॅन-जीटीपी त्याला बिलगतं आणि माल सुटतो. एक्स्पोर्टिनचं उलटं: रॅन-जीटीपी सोबत असेल तरच ते माल घट्ट धरतं, आणि बाहेर रॅनगॅपची गाठ पडली की सोडतं. तेच रॅन-जीटीपी एकीकडे जोडी फोडतं, दुसरीकडे जुळवतं. नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही, काढावंच लागतं. रात्रीची लाइन असेल आणि हरभऱ्याला ओलित करायला गेलात, तर धुऱ्यावर मातीत काडीने काढा. घाबरू नका, एकदा हात बसला की विसरत नाही. आणि ‘का’ विचारणारे एखादे सर भेटले तर त्यांना सोडू नका. रोज फोनवर ‘पेपर सोडव’ म्हणणारे सिनियर दहा मिळतात.

पण एमआरएनएला (प्रथिन बनवायचा निरोप नेणाऱ्या आरएनएला) हे चित्र मुळीच लावू नका. बहुतेक एमआरएनए एनएक्सएफ१-एनएक्सटी१ या वाहक प्रथिनांच्या जोडीसोबत बाहेर पडतात आणि तिला थेट रॅन लागत नाही. छिद्राच्या बाहेरच्या तोंडाशी डीबीपी५ हे हेलिकेज (आरएनएची रचना उलगडणारं एन्झाइम) एटीपी वापरून ती जोडी आरएनएवरून उतरवतं, म्हणून आरएनए मागे फिरत नाही. टीआरएनए (प्रथिन बनताना अमिनो आम्ल आणून देणारा आरएनए) मात्र एक्स्पोर्टिन-टी आणि रॅनच्याच वाटेने जातो.

आता वही मिटून सांगा: लेप्टोमायसिन बी या रसायनाने सीआरएम१ हे एक्स्पोर्टिन बंद पाडलं तर काय अडकेल? एनईएसवालं प्रथिन अडकेल. पेशीचे बहुतेक एमआरएनए जात राहतील. एचआयव्हीचे स्प्लाइस न झालेले (मधले तुकडे कापून न काढलेले) आरएनए मात्र अडकतील, कारण त्यांना बाहेर नेणारं रेव्ह प्रथिन सीआरएम१चाच आधार घेतं. तिन्ही उत्तरं कारणासकट आली की पुढचा धडा उघडा.