खानदेशच्या जुन्या इंग्रजी कागदांतले फसवे शब्द कसे वाचायचे

अनोळखी शब्द आपण कोशात शोधतोच. घात होतो तो ओळखीच्या शब्दांनी, कारण तिथे कोश उघडावा असं मनातही येत नाही. म्हणून आधी कागदाचं साल बघा, मगच अर्थ लावा.

‘फॅक्टरी’ घ्या. सतराव्या शतकात धरणगावला इंग्रजांची फॅक्टरी होती, म्हणजे वखार. तिथे ‘फॅक्टर’, म्हणजे कंपनीचा अडत्या, माल खरेदी करून साठवायचा. तोच शब्द 1890 च्या कागदात आला तर बहुधा जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याचा, कारखाना. (‘जिन’ हे ‘एंजिन’चंच आखूड रूप.)

‘कॉर्न’ दिसलं की मका लिहू नका. तेव्हाच्या विलायती इंग्रजीत ते कोणतंही धान्य. आपल्याकडे बहुतेक वेळा ज्वारी, बाजरी किंवा दादर (रब्बी ज्वारी). मक्याला ‘इंडियन कॉर्न’ म्हणत. ‘ग्रॅम’ म्हणजे हरभरा, ‘टँक’ म्हणजे तलाव. ‘वाँट ऑफ रेन’ म्हणजे पावसाची ओढ. इथे ‘वाँट’चा अर्थ उणीव. शिपाई ‘एंटरटेन’ केले असं लिहिलं असेल तर ते नोकरीवर ठेवले.

मापांत चूक झाली की सगळा हिशेब कोसळतो. ‘कँडी’ म्हणजे आपली खंडी, 20 मणांची. पण मुंबईचा मण 28 पौंडांचा, बंगालचा सुमारे 82 पौंडांचा; त्यामुळे कुठला मण ते ठरल्याशिवाय किलो काढू नका. कापसाची खंडी आणखी वेगळी, 784 पौंडांची. आजही रुईचा भाव ज्या सुमारे 356 किलोंच्या खंडीवर निघतो, तीच ही.

सर्वांत जपून वाचायचा शब्द ‘मलेरिया’. मूळ इटालियन अर्थ ‘खराब हवा’. सातपुड्याच्या पायथ्याशी मलेरिया आहे असं 1860 च्या कागदात असेल, तर लिहिणाऱ्याला दलदलीतून उठणारी दूषित हवा म्हणायची असते. रोगाचा परजीवी 1880 मध्ये सापडला, डासाशी त्याचा संबंध 1897 मध्ये. थंडी वाजून येणाऱ्या तापाला ते ‘एग्यू’ म्हणत; भाषांतरात ‘हिवताप’ लिहा. रोग तेव्हा लक्षणांवरून ओळखत, म्हणून त्या कागदांतल्या तापाच्या आकड्यांना आजच्या मलेरियाचे आकडे समजू नका.

पत्रांतल्या तारखा: ‘इन्स्टंट’ म्हणजे चालू महिना, ‘अल्टिमो’ मागचा, ‘प्रॉक्सिमो’ पुढचा. पत्र 3 मार्चचं आणि मजकुरात ‘25 अल्टिमो’ असेल, तर ती 25 फेब्रुवारी.

अर्थ पक्का करायला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती 1857) उलट्या बाजूने वापरा: मनात आलेला मराठी शब्द काढा आणि त्या काळच्या इंग्रजीत तो कसा सांगितलाय ते पाहा. भारतीय वळणाच्या इंग्रजी शब्दांसाठी 1886 चा ‘हॉब्सन-जॉब्सन’. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर दोन्ही फुकट शोधता येतात. भाषांतर करताना मूळ शब्द देवनागरीत कंसात ठेवा, म्हणजे चुकलंच तर पुढच्याला दुरुस्त करता येईल.