क्लोरीन काढलं, आटे तरीही साफ निघाले

स्टेनलेस स्टीलमध्ये आटे पाडताना टॅप (आटे कापायचं हत्यार) अडकायचा, कडा ओरबाडल्यासारख्या निघायच्या. क्लोरिनेटेड पॅराफिनचं तेल घातलं की काम भागायचं, पण ते पाण्यातल्या जीवांना घातक. मला ते नकोच होतं.

म्हणून आयनिक लिक्विडकडे वळलो. हे 100 अंश सेल्सिअसच्या आत वितळणारं मीठच. वाफ जवळजवळ होत नाही आणि भारित आयन धातूला चिकटून संरक्षक थर धरतात. पण सगळीच आयनिक लिक्विड पर्यावरणाला मानवणारी नसतात, हे ठासून सांगतो. पहिला नमुना टेट्राफ्लोरोबोरेटचा, म्हणजे फ्लोरीन असलेल्या आयनाचा आला. गंज धरतो का ते पाहायचं होतं. बिडाचा चुरा फिल्टर पेपरवर पसरला, वर नमुना घातलेलं कूलंट (कापताना वापरायचं पाणी मिसळलेलं द्रव) शिंपडलं, 2 तासांनी कागदावर गंजाचे तपकिरी डागच डाग. पाण्याच्या संगतीत हा आयन फुटतो आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं. नमुना तिथेच बाद.

मग कोलीन आणि ओलिक आम्लापासून बनलेलं, हॅलोजन (क्लोरीन, फ्लोरीनसारखी मूलद्रव्यं) नसलेलं आयनिक लिक्विड घेतलं. कागद स्वच्छ राहिला, आटेही गुळगुळीत आले. फक्त जड पाण्यात त्याचा पांढरा साका बसला, कारण कॅल्शियमशी त्याचा साबण होतो. क्षारमुक्त पाणी वापरल्यावर तो थांबला. फेसासाठी फेसरोधक थोडंसंच टाकलं.

सहज कुजणारा पदार्थ टाकीतल्या जिवाणूंनाही आवडतो. ते वाढू नयेत म्हणून कूलंटवर तरंगणारं मशीनचं तेल रोज काढतो आणि पीएच 9 च्या आसपास आहे ना, ते पट्टीने तपासतो.