परत शिकायला बसताय? मग आधी फाईल कुठे जाते ते बघा

बऱ्याच वर्षांनी परत शिक्षण सुरू करणाऱ्या मंडळींना टायपिंगचीच धास्ती जास्त असते. खरं सांगू का, दोन बोटांनी टाईप करूनही असाइनमेंट पूर्ण होते हो. गाडी अडते ती फाईल सापडत नाही तेव्हा, सबमिट करायची वेळ संपत आलीय आणि लिहिलेलं नेमकं कुठे सेव्ह झालं तेच आठवत नाही. म्हणून टायपिंगचा स्पीड वगैरे नंतर, आधी हे.

विंडोजच्या चिन्हाचं बटण दाबून ठेवा आणि ई दाबा. फाईल एक्सप्लोरर उघडेल, त्यात डाव्या बाजूला डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स दिसतील. नेटवरून उतरवलेलं काहीही, तुम्ही वेगळं सांगितलं नसेल तर, डाउनलोड्समध्येच जाऊन पडतं, त्यामुळे "डाउनलोड केलं पण दिसत नाही" असं झालं की पहिल्यांदा तिथेच बघायचं. आता डॉक्युमेंट्समध्ये जा, रिकाम्या जागेवर राईट क्लिक, न्यू, फोल्डर, आणि नाव द्या कोर्सचं. त्याच्या आत प्रत्येक विषयाचा एकेक फोल्डर. फाईलचं नाव "फायनल", "फायनल २", "हीच फायनल" असलं काही नको, विषय आणि असाइनमेंटचा नंबर टाका, बास.

नवीन फाईल उघडल्या उघडल्या, एक अक्षरही लिहायच्या आधी सेव्ह करायची. वर्डमध्ये एफ १२ दाबलं की सेव्ह ॲज येतं (काही लॅपटॉपवर सोबत एफएन पण दाबावं लागतं), तिथे आपला फोल्डर निवडायचा. मग लिहिता लिहिता अधूनमधून कंट्रोल एस. वर्ड आपोआप सेव्ह करतं असं बरेच जण धरून चालतात, पण ते ऑटोसेव्ह वनड्राइव्हसारख्या ऑनलाइन जागी ठेवलेल्या फाईलसाठी असतं, नुसत्या कॉम्प्युटरवरच्या फाईलला नाही. गूगल डॉक्समध्ये (वर्डसारखंच, पण नेटवर ब्राउझरमध्ये चालणारं) नेट चालू असेल तर ही कटकट नाही.

आता एक प्रकार सगळ्यांसोबत होतो. पूर्ण मजकूर निळा झालेला असतो, म्हणजे सिलेक्ट झालेला, आणि तेवढ्यात चुकून एखादं बटण दाबलं जातं. झालं, पानभर लिहिलेलं गायब आणि तिथे एकटं एक अक्षर! अशा वेळी काहीही करू नका, फाईल बंद तर अजिबात नको, कंट्रोल झेड दाबा, सगळं परत येतं. डिलीट झालेली फाईलसुद्धा बहुतेक वेळा रिसायकल बिनमध्ये, म्हणजे डेस्कटॉपवरच्या कचऱ्याच्या डब्यात, सापडते, तिच्यावर राईट क्लिक करून रिस्टोर करायचं. पेन ड्राइव्हवरून उडवलेली मात्र तिथे जात नाही, ती गेलीच समजा.

घरातल्या मुलांना विचारलं की ती माऊस हिसकावून घेतात, टकाटक चार क्लिक करून मोकळी, आणि आपण होतो तिथेच. माऊस आपल्याच हातात ठेवायचा, त्यांनी फक्त तोंडाने सांगायचं, आपण करायचं आणि लगेच वहीत लिहून ठेवायचं, कुठे क्लिक केलं ते क्रमाने. माझ्या मते कुठल्याही क्लासपेक्षा ही वही जास्त कामाला येते.

सबमिट करताना सहसा पीडीएफ मागतात, कारण वर्डची फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की फॉन्ट आणि मांडणी हलू शकते. सेव्ह ॲजमध्येच खाली प्रकार निवडायची जागा असते, तिथे पीडीएफ करा. ईमेलने पाठवायची असेल तर जीमेलवर २५ एमबीपर्यंतच अटॅचमेंट जाते, फाईलमध्ये फोटो खूप असतील तर यावर लक्ष ठेवा. अपलोड झाल्यावर तीच फाईल तिथूनच उघडून बघायची, चुकीची किंवा रिकामी फाईल चढवलेली लोकांना दुसऱ्या दिवशी कळते.

आणि हे सगळं लायब्ररीतल्या किंवा दुसऱ्या कुणाच्या कॉम्प्युटरवर करत असाल तर उठायच्या आधी मेलमधून लॉग आउट व्हा, नुसती खिडकी बंद करून भागत नाही, आणि तुमच्या फाईली ईमेलवर किंवा वनड्राइव्हसारख्या ऑनलाइन जागी गेल्याची खात्री करून मगच डाउनलोड्समधून उडवा.