दोन दूरच्या शहरांमधील हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ कसा काढावा

हवाई अंतर काढायला बसताना सपाट नकाशा आणि पट्टी प्रथम बाजूला ठेवावी, कारण लांबच्या प्रवासाच्या बाबतीत ही जोडी हमखास चुकीचे उत्तर देते. पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो ज्या वाटेवर बसतो तीच सर्वांत जवळची वाट होय. तिला बृहद्वृत्ताची वाट म्हणतात. न्यूयॉर्क लंडनपेक्षा बरेच दक्षिणेला असूनही लंडनहून तिकडे निघालेले विमान आधी थोडे उत्तरेकडे झुकते, ते याच कारणाने.

आता प्रत्यक्ष गणित करू. दोन्ही शहरांचे अक्षांश आणि रेखांश लिहून घ्यावेत : लंडन ५१.५ उत्तर, ०.१ पश्चिम, न्यूयॉर्क ४०.७ उत्तर, ७४ पश्चिम. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा (साइन व कोसाइन ही कोनांची त्रिकोणमितीतील मूल्ये, कॅल्क्युलेटरवर sin व cos) गुणाकार करावा आणि त्यात दोन्ही अक्षांशांचे कोसाइन व रेखांशांतील फरकाचा कोसाइन या तिघांचा गुणाकार मिळवावा. येथे बेरीज सुमारे ०.६४१ येते. ज्या कोनाचा कोसाइन एवढा असतो, तो कोन सुमारे ५०.१ अंशांचा आहे. पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर, म्हणून अंतर साधारण ५,५७० किलोमीटर भरते. उत्तर सागरी मैलांत हवे असल्यास १.८५२ ने भागावे.

वेळेसाठी या अंतराला ताशी ८८० किलोमीटरने भागावे, कारण मोठी जेट विमाने साधारण याच वेगाने उडतात. उत्तर सहा तास वीस मिनिटे येते. धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे आणि खाली उतरणे यांसाठी आणखी चाळीस मिनिटे धरली की सात तास होतात. मात्र हे उत्तर वारा नसलेल्या आकाशाचे आहे. मध्य अक्षांशांवर उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह नावाचा वेगवान वारा वाहतो आणि हिवाळ्यात त्याचा जोर वाढतो, त्यामुळे न्यूयॉर्कला जाताना वेळापत्रकात सुमारे आठ तास, तर परतताना सुमारे सात तास दिसतात. फेब्रुवारी २०२० मध्ये तर एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोहोचले होते. म्हणून जाण्याचा वेळ आणि येण्याचा वेळ नेहमी वेगवेगळा काढावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. वाटेत थांबा असेल, तर प्रत्येक टप्प्याचे गणित स्वतंत्रपणे करून त्यात थांब्याचा वेळ मिळवावा.

तिकिटावरील वेळा त्या त्या शहराच्या स्थानिक वेळेनुसार असतात, हे विसरल्यामुळे सर्वाधिक घोळ होतात. दुपारी १२ वाजता लंडनहून निघालेले विमान न्यूयॉर्कला दुपारी ३ वाजता उतरते, म्हणून प्रवास तीन तासांचा ठरत नाही. दोन्ही वेळा आधी जागतिक प्रमाणवेळेत बदलाव्यात : हिवाळ्यात लंडनचे १२ हे १२ च राहतात, न्यूयॉर्कचे ३ मात्र रात्रीचे ८ होतात, आणि वजाबाकी आठ तास येते. मार्चमध्ये अमेरिकेतील घड्याळे उन्हाळी वेळेसाठी ब्रिटनच्या दोन-तीन आठवडे आधी एक तासाने पुढे सरकतात. त्या काळात दोन शहरांतील फरक पाच तासांऐवजी चारच तासांचा असतो, त्यामुळे प्रवासाच्या नेमक्या तारखेचा फरक पाहूनच वजाबाकी करावी.